कुंदा कोणी हलवला?

२००२ सालची गोष्ट. आमच्या बँकेने बेळगावातल्या एका हॉटेलात आम्हा तीस-चाळीस कर्मचाऱ्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवले होते. विषय होता 'बदलाचे स्वागत'. व्याख्याते मुंबईहून आलेले, गळ्यात टाय, हातात खडूऐवजी रंगीत पेन. त्यांनी आम्हा प्रत्येकाच्या हातात एक पातळ इंग्रजी पुस्तक ठेवले. 'हू मूव्ह्ड माय चीज?' हे त्याचे नाव. स्पेन्सर जॉन्सन या अमेरिकन लेखकाचे १९९८ सालचे हे पुस्तक. त्या वर्षांत मोठमोठ्या कंपन्या ते आपल्या नोकरांना फुकट वाटत असत. त्यातली गोष्ट अशी : एका चक्रव्यूहात दोन उंदीर आणि उंदरांएवढीच दोन माणसे राहतात. रोज ठरल्या जागी त्यांना चीज मिळते. एक दिवस तिथे चीज नसते. उंदीर लगेच दुसरीकडे शोधायला पळतात. माणसांपैकी एक थोड्या दिवसांनी त्यांच्या मागून निघतो. दुसरा मात्र चीज कोठे गेले म्हणून हटून बसतो. तात्पर्य एवढेच, की शहाण्याने रडत बसू नये, पळावे.

माझ्या शेजारी आमचे हेडकॅशिअर बसले होते. पक्के शहापूरकर. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चीज गेलं तर जाऊं दे वो, आपण कुठं खाल्लंय? पण आमचा कुंदा कोणी हलवला, म्हणून विचारायचंच नाही, हे कुठलं शिक्षण?"

मी तेव्हा तोंडावर हात ठेवून हसलो. आज हेडकॅशिअर नाहीत. मीही २०१९ साली निवृत्त झालो. पण त्या दोन दिवसांतल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा त्यांचा तो एक प्रश्न मला शहाणा वाटतो. गंमत पाहा, पुस्तकाच्या नावातच 'कोणी' आहे, पण आत हलवणारा कोणी नाहीच. चीज हळूहळू संपतच आले होते, तुमचे लक्ष नव्हते, असे ते पुस्तक सांगते. म्हणजे दोष खाणाऱ्याचा! बँका, टेलिफोन खाते, गिरण्या, एस. टी., शाळा, कचेऱ्या, सगळीकडे गेली पंचवीस-तीस वर्षे हेच कीर्तन चालू आहे. बदल हा पावसासारखा आभाळातून पडतो, तुम्ही फक्त छत्री उघडायला शिका. मला या कीर्तनाला हरकत घ्यायची आहे. कचेरीतला बदल आभाळातून पडत नाही. कोणीतरी माणूस टेबलाशी बसून तो ठरवतो, आणि ठरवणारा बहुधा दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसणार नसतो.

आम्ही जुन्या नोकरदारांनी बदलाला विरोध केला, असे सर्रास म्हटले जाते. जरा हिशेब मांडू या. मी १९८२ साली क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा खातेवही हाताने लिहायची, पितळी टोकन द्यायचे, सहामाहीला रात्र-रात्र बसून व्याजाचे 'प्रॉडक्ट' काढायचे. बँकेचे वर्ष तेव्हा ३१ डिसेंबरला संपे. १९८९ मध्ये ते ३१ मार्चला नेले, आम्ही नेले. लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. चाळिशी ओलांडलेली बोटे आम्ही कळफलकावर आणली. मग शाखेपुरता संगणक आला, मग सगळ्या शाखा एका तारेने जोडणारा आला. एटीएम आले, आधार आले, जनधन आले. ज्याने एका नोकरीत इतक्या वेळा पुन्हा पहिलीत नाव घातले, त्याला 'बदलाचा शत्रू' म्हणायला जीभ कशी धजते?

आमच्या पदरीही पाप आहे, तेही सांगतो. १९८३ साली यंत्रांसंबंधी बँकांचे आणि युनियन्सचे करार झाले आणि पुढेही होत राहिले. त्या काळात मी युनियनचा पावती फाडणारा कार्यकर्ता होतो. आमच्या गेट मीटिंगांत नोकऱ्या किती जातील आणि यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता किती, या दोन विषयांवर घसा बसेपर्यंत भाषणे होत. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे या यंत्राने काय होणार, हा प्रश्न मी तरी कधी विचारला नाही. साहेबांनी आम्हाला विचारले नाही, हे खरे; पण आम्ही गिऱ्हाईकाला विचारले नाही, हेही तितकेच खरे.

विचारले की काय होते, ते मी एकदा पाहिले आहे. १९९३ साली मी खानापूरच्या शाखेत होतो. पोस्टिंगचे यंत्र येणार असे पत्र आले. आमचे मॅनेजर मूळचे धारवाडकडचे. घरी कन्नड, आमच्याशी मोडके मराठी. ते पत्र फाइलला लावून मोकळे झाले नाहीत. संध्याकाळी दार ओढून घेतल्यावर त्यांनी चहा मागवला आणि शिपायापासून अकाउंटंटपर्यंत सर्वांना गोल बसवून विचारले, "ह्या पेटीला आधी काय खायला घालायचं, तुम्ही सांगा." आम्ही कारकून म्हणालो, बचत खाती, ती सर्वांत जास्त. आमचा दफ्तरी, खातेवह्या काढून देणारा जुना माणूस, मान हलवून म्हणाला, "नको साहेब. बाजारादिवशी खेड्यातल्या बायका पासबुक घेऊन येत्यात. त्या दिवशी पेटी बसली तर रडारड होईल. आधी मास्तर लोकांच्या पगाराची खाती घाला. ते महिन्यातून एकदा येत्यात, आणि चूक झाली तर भांडून का होईना, सांगत्यात तरी."

तसेच केले. तीन महिने वही आणि यंत्र दोन्ही चालवले. बायकांची खाती शेवटी यंत्रावर गेली, तोवर आमच्या चुका मास्तरांच्या पगारावर करून झाल्या होत्या! त्या बदलात कोणाचे पाच रुपये हरवल्याचे मला आठवत नाही. दफ्तऱ्याचे शिक्षण सातवी होते.

आपल्या भागातले याहून जुने उदाहरण हवे असेल तर पिग्मीचे घ्या. बेळगाव, हुबळी, निपाणीकडे पिग्मी माहीत नसलेले घर नसेल. ही योजना १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने काढली, तीच पुढची सिंडिकेट बँक. ती बँकच मुळी १९२५ मध्ये अडचणीत आलेल्या हातमागवाल्यांना आधार द्यावा म्हणून, आठ हजार रुपयांच्या भांडवलावर निघाली होती. विणकर बँकेत येत नाही, कारण माग सोडून आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तर मग बँकेनेच त्याच्या दारी जाऊन रोजचे दोन आणे घ्यावेत. बदल हाही होता, आणि केवढा मोठा! पण माणसाने संस्थेशी जुळवून घ्यावे असे कोणी म्हटले नाही. संस्थेने माणसाशी जुळवून घेतले. वडगाव-शहापुरात पिग्मी रुजायला 'बदलाचे स्वागत' शिकवावे लागले नाही, ते एवढ्याचसाठी.

आता दुसरी बाजू. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली आणि सुमारे १ लाख माणसे घरी गेली. त्यांत पिकलेले, खातेवह्यांत केस पांढरे केलेले लोक पुष्कळ होते. आणि त्यानंतर दोन-चार वर्षांत सगळ्या शाखांची खाती एका मोठ्या संगणकात ओतण्याचे काम निघाले. म्हणजे आधी वही वाचता येणारा माणूस घरी पाठवला आणि मग वही वाचायला काढली. 'आधी कळस मग पाया' दुसरे काय असते?

आमच्या जुन्या लेजरमध्ये प्रत्येक पानाच्या डोक्यावर नावाशेजारी पेन्सिलीने काही लिहिलेले असे. 'कौलांच्या भट्टीजवळ', 'थोरली जाऊ', 'डाव्या हातावर गोंदण'. एका खेड्यात चार पार्वती मारुती पाटील असतात, त्यांना वेगळे ओळखायची ती खूण. नव्या संगणकात या पेन्सिलीला खाना नव्हता. आमच्या शाखेची खाती एका शनिवारी रात्री गेली आणि सोमवारी सकाळी दोन पार्वतींना मिळून एकच ग्राहक क्रमांक मिळालेला होता. निस्तरायला कित्येक महिने गेले. वरून पत्र आले, की कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कमी पडले. आजार म्हशीला आणि डाग पखालीला!

पण या सगळ्यापेक्षा एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. ती फक्त आपल्यासारख्या दुभाषी मुलखातच घडू शकते, म्हणून या अंकात सांगतो. वडगावातल्या एका विणकराची विधवा २०१४ च्या सुमारास माझ्या खिडकीवर आली. नाव समजा, सविता. नवऱ्याच्या ठेवीला तिचे नाव वारस म्हणून लावलेले. मी तिला पंधरा वर्षे ओळखत होतो. पण मराठी माणूस इंग्रजीत 'सविता'तला 'ता' लिहिताना टी आणि ए लिहितो. कन्नड पद्धतीत त्याच 'ता'ला मध्ये एक एच लागतो. गीता, ज्योती, सविता, सगळ्यांना लागतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. तिच्या नवऱ्याने वारसाचे नाव भरले ते मराठी वळणाने, आणि आधारच्या केंद्रावरच्या मुलाने टंकले ते कन्नड वळणाने. संगणकाच्या लेखी या दोन बायका झाल्या.

मी तिला सांगितले, नोटरीकडे जा आणि स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आण, की ही आणि ती बाई एकच. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "साहेब, माझं नाव माझ्या आईनं ठेवलेलं. त्यात हा एच कुठनं आला वो?"

ज्या गावाचे नावच लोकांनी बेलगाम, बेळगाव आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी रीतीने बेळगावी असे तऱ्हेतऱ्हेने लिहिले, त्या गावात एका गरीब बाईला नावातल्या एका अक्षरासाठी दोन दिवसांची मजुरी आणि नोटरीचे पैसे घालावे लागले. आणि घालायला लावले ते मी. तिला ओळखणाऱ्याने. मला सही करायचा अधिकार नव्हता, हे खरे आहे. पण रात्री घरी जेवताना ते खरेपण काही कामाला आले नाही.

त्यानंतर मी वरच्या ऑफिसला दोन पानी पत्र लिहिले. सीमाभागात कोणत्या नावांची दोन-दोन स्पेलिंगे होतात त्यांची यादी जोडली. अशा ठिकाणी शाखेच्या मॅनेजरला, जुन्या खातेदाराच्या साक्षीवर, 'ही तीच व्यक्ती' असे लिहिण्याचा अधिकार द्यावा, असे सुचवले. उत्तर आले : 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' ती नोंद आजही कुठल्यातरी फाइलीत सुखाने नांदत असेल.

मग विलीनीकरणे आली. हा अंक जिथे जिथे जातो, तिथल्या वाचकांना हे सांगायला नको. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये. इंदूरचे नाव लावणारी स्टेट बँक २०१० मध्ये, हैदराबादचे नाव लावणारी २०१७ मध्ये स्टेट बँकेत विरली. कन्नड शेजाऱ्यांचे दुःखही कमी नाही. किनाऱ्यावर जन्मलेल्या विजया, सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन या तीन बँका एप्रिल २०१९ ते एप्रिल २०२० या एका वर्षात नकाशावरून पुसल्या गेल्या. २०१७ साली सरकारी बँका २७ होत्या, १ एप्रिल २०२० ला १२ उरल्या. तो दिवस आठवतो? टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. लोक घरात कोंडलेले, आणि हजारो कर्मचारी सकाळी उठले ते दुसऱ्याच बँकेचे नोकर होऊन. पुढच्या वर्षी शाखांचे सांकेतिक क्रमांक बदलले, जुनी चेकबुके रद्द झाली. माझ्या बँकेची पाटीही याच लाटेत उतरली. मी सदतीस वर्षे जे नाव सांगत आलो, ते आता माझ्या पेन्शनच्या पासबुकावर नाही.

पाटीचे मला फारसे दुःख नाही. माझी तक्रार हिशेबाची आहे. दोन बँका एकत्र करताना शाखा मोजल्या, इमारती मोजल्या, एटीएम मोजली, माणसे मोजली. एका रस्त्यावर दोन शाखा भरल्या, एक बंद झाली, माणसे बदलीवर गेली. पण त्या बंद शाखेत एक बाई होती, जी खेड्यातल्या म्हातारीशी मराठीत, यल्लम्माच्या वाटेवरून आलेल्याशी कन्नडमध्ये आणि साहेबाशी इंग्रजीत बोलून, एकाच व्हाउचरवर तिघांचे समाधान करीत असे, ही गोष्ट कोणत्या रकान्यात मोजली? कोणत्याच नाही. 'दोन भाषा येतात' हे आपल्याकडे कामाचे कौशल्य म्हणून धरलेच जात नाही. ते फुकटचे समजले जाते, विहिरीच्या पाण्यासारखे. विहीर बुजवल्यावर कळते.

नियम म्हणाल तर नियम आहे. खिडकीवरचे छापील कागद हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत असावेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यात प्रादेशिक म्हणजे कन्नड. मराठीला त्यात जागा नाही. सीमेपलीकडे जत-अक्कलकोटात प्रादेशिक म्हणजे मराठी, तिथल्या कन्नड म्हातारीला जागा नाही. आणि कागदावर भाषा छापली म्हणून खिडकीतला माणूस ती बोलतो असेही नाही. तिथे बसलेला तरुण अधिकारी दोन दिवसांच्या प्रवासावरून आलेला असतो, दोन-तीन वर्षांत जाणार असतो, डोक्यावर विमा विकण्याचे टार्गेट असते. त्या पोराला मी दोष देत नाही; आईबाप सोडून तो इथे एकटा खोली घेऊन राहतो. त्याला इथे पाठवणाऱ्याने आधी इथल्या माणसांना विचारले असते, तर शेजारच्या टेबलावर एक दुभाषी माणूस ठेवणे फार महाग नव्हते.

कोणी म्हणेल, म्हातारा जुन्या काळाचे गळे काढतो आहे. मुळीच नाही. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज मिळू लागले. त्याआधी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिलक धरत, आणि अकरा तारखेला पैसे भरणाऱ्याचे व्याज बुडे. रोजच्या व्याजाचा हिशेब हाताने करणे शक्य नव्हते. संगणकाने गरिबाला त्याचे हक्काचे पैसे दिले. माझा नातू पुण्याहून फोनवरून क्षणात पैसे पाठवतो, ते मला आवडते. पितळी टोकन घेऊन दीड तास बसण्यात काव्य नव्हते. मी बदलाशी भांडत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याशी भांडतो.

आणि भांडण फक्त दिल्ली-मुंबईशी नाही. वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जण पतसंस्थांचे संचालक आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत, वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत, कारखान्यांत अधिकारी आहेत. आपल्या पतसंस्थेने पिग्मी एजंटाच्या हातात पावती छापणारे यंत्र दिले, तेव्हा त्या एजंटाला कोणी विचारले का, की पावसाळ्यात भाजी मार्केटात ओल्या हातांनी हे कसे चालेल? शाळेतल्या बाईंना विचारले का, की हजेरी फोनवर भरायची तर पहिला तास कोणाचा जाणार? आपल्या घरची संस्था असली की आपणही 'काळाबरोबर चला' म्हणून मोकळे होतो. सीमेवर राहून आपण न विचारता ठरवलेल्या गोष्टींचा जाच पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. ठरवण्याची पाळी आपल्यावर आली की ते विसरून कसे चालेल?

माझे मागणे मोठे नाही. बदलाचा कागद निघण्याआधी तो खिडकीवरच्या माणसाला आणि खिडकीबाहेरच्या चार जणांना दाखवा, आणि त्यांनी काय सांगितले ते लिहून ठेवा. जुने आणि नवे काही दिवस बरोबर चालू द्या. चुका आधी अशांच्या खात्यावर होऊ द्या, ज्यांना भांडता येते. ज्याने बदल ठरवला, त्याने पहिला आठवडा स्वतः खिडकीवर बसावे. आणि दुभाषी जिल्ह्यात दोन्ही भाषा येणाऱ्याला बदलीवर पाठवताना, त्याच्या जागी तसाच माणूस आल्याशिवाय सोडू नये. खानापुरात १९९३ साली यातले बरेचसे एका चहावर झाले होते.

दर नोव्हेंबरला आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी मी रांगेत होतो. पुढे एक वृद्ध विणकर होते. नव्वदच्या दशकातल्या साक्षरता मोहिमेत रात्रीच्या वर्गाला बसून ते सही शिकले होते. पासबुकावर अंगठ्याऐवजी पहिली सही केली, तेव्हा मीच समोर होतो. आता यंत्रावर पुन्हा अंगठा मागितला. साऱ्या जन्माच्या धाग्यांनी बोटांवरच्या रेघा घासून गेलेल्या. यंत्राने एकदा नाही म्हटले, दोनदा नाही म्हटले. खिडकीतला मुलगा इंग्रजीत सांगत होता, की दुसरे बोट ठेवा. ते त्यांना कळत नव्हते.

मी पुढे होऊन त्यांना कन्नडमध्ये सांगितले, मग मुलाला सांगितले, की यांना सही येते, कागदावर घे, तसा दाखलाही चालतो. मुलाने दराज उघडून फॉर्म शोधला. मिळाला. विणकरांनी चष्मा लावला आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. मुलगा ती होईपर्यंत थांबला, आणि मग मला म्हणाला, "सर, उद्या याल का थोडा वेळ? अजून बरेच जण आहेत."

मी गेलो. महिनाअखेरपर्यंत रोज सकाळी दोन तास जात होतो. कोणत्याही परिपत्रकात ते नव्हते.